अपुऱ्या संचाचा धंदा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात शिरूर किंवा दौंड येथील बाजारपेठेतून फिरणाऱ्यास पणत्यांच्या राशींशेजारी किल्ल्याची चित्रे मांडलेली दिसतात. सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तुतारीवाला, डोक्यावर हंडा घेतलेली गवळण, एक वाघ आणि त्या वाघाहून किंचित लहान असा एक हत्ती. प्रमाणबद्धतेची चाड कोणासच नसते. मुलांस तर मुळीच नाही.

अलीकडे तालुक्याच्या गावांतून निराळ्या जातीची एक बाहुली दप्तरांना आणि दुचाकीच्या किल्ल्यांना लोंबकळताना दिसू लागली आहे. चेहरा विनाइलचा, अंगावर कृत्रिम केस, सशासारखे उभे कान आणि ओळीने टोकदार दात. तिचे नाव लाबुबू. हातगाडीवर शे-दोनशे रुपयांना मिळते ती नक्कल होय. अस्सल बाहुली मोबाइलवरून मागवावी लागते आणि तिची किंमत हजारांत जाते. तिच्याआधी काही वर्षे फंको या अमेरिकन कंपनीच्या 'पॉप' मालिकेतील पुतळ्या शहरी तरुणांच्या टेबलांवर येऊन बसल्या होत्या. धडाहून मोठे चौकोनी डोके, बटणासारखे काळे डोळे आणि बहुधा तोंडाचा पत्ताच नाही. चित्रपटातला नायक असो, खलनायक असो वा फुटबॉलपटू असो, या साच्यातून निघाला की सारे एका आईची लेकरे वाटतात.

या छंदाकडे पुरोगामी चळवळीत आजवर दोनच प्रकारे पाहिले गेले आहे. जुने जाणते कार्यकर्ते हसतात आणि 'पोटाला चिमटा बसला की उतरेल हे खूळ' असे म्हणून अजेंड्यावरील पुढच्या विषयाकडे वळतात. तरुण कार्यकर्त्यांपैकी काहींच्या स्वतःच्याच खोलीत एखादी पुतळी असते, म्हणून ते अवघडून गप्प राहतात. ही दोन्ही वर्तने चुकीची आहेत. जो माल कामगाराच्या खिशातून पैसे काढतो, तो हास्यास्पद दिसतो एवढ्यावरून त्याचे अर्थशास्त्र हास्यास्पद ठरत नाही. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये एका चित्रपुस्तकासाठी कल्पिलेले हे लाबुबू नावाचे पात्र ज्या चिनी कंपनीने बाजारात आणले, त्या पॉप मार्टची २०२४ सालची उलाढाल १,३०४ कोटी युआन होती. एवढ्या उलाढालीच्या उद्योगाला खूळ म्हणून बाजूला सारणे हे अर्थशास्त्र नव्हे.

प्रथम आकर्षणाचा विचार केला पाहिजे, कारण तो न करता केलेली टीका उपदेशापलीकडे जात नाही. मोठे डोके, मोठे डोळे आणि इवलेसे अंग पाहिले की माणसाच्या मनात वात्सल्य उपजते, हे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेंट्झ यांनी १९४३ मध्येच मांडले होते. कंपन्यांनी या निरीक्षणाचा साचा बनविला. पण एवढ्याने सर्व उलगडा होत नाही. रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्रालगत कारेगावसारख्या गावांत भाड्याच्या खोल्यांतून राहणारा तरुण डोळ्यांसमोर आणावा. तो मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा थेट बिहारमधून आलेला असतो. खोलीत चौघे, पाळ्या वेगवेगळ्या, भिंतीवर एक आरसा व एक खिळा. जी यंत्रसामग्री तो दिवसभर हाताळतो तिच्यातले काहीही त्याचे नाही, आणि कंत्राट अकरा महिन्यांचे असले तर पुढल्या वर्षी हीच खोली असेल की नाही हेही ठाऊक नसते. अशा माणसाला खिडकीच्या कट्ट्यावर स्वतः निवडलेला एक चेहरा ठेवावासा वाटला, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? त्या चेहऱ्यामुळे परक्या गावात दुसऱ्या एखाद्याशी बोलणे सुरू होते, 'तुझ्याकडे कोणता आहे?' एवढ्या प्रश्नावर ओळख होते. ज्या चळवळीने या वस्त्यांत वाचनालय उभे केले नाही, मैदान मिळवून दिले नाही, तिला या छंदाची टवाळी करण्याचा अधिकार फारसा उरत नाही.

शिवाय ठोकळेबाज आकृतीवर जीव लावणे ही काही परदेशी विकृती नव्हे. या भागातील शेतकरी घरांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचे, भैरोबाचे, वीरांचे टाक असतात. धातूच्या पत्र्यावर ठोकून उठविलेल्या त्या आकृतींचेही डोळे मोठे आणि अंग सांकेतिक असते, एका घरचा खंडोबा दुसऱ्या घरच्या खंडोबासारखाच दिसतो. किल्ल्यावरचे मावळेही एकाच साच्यातले असतात. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळांनी लहानपणी काडेपेट्यांचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटे रस्त्यावरून वेचून जमविली असतील, त्यांची अदलाबदल करताना भांडणेही केली असतील. जमविण्याची हौस माणसाला आहे, आणि ती निरुपद्रवी आहे. मग फरक कोठे पडतो?

फरक असा की टाकांचा संच पुरा होतो. कुलदैवत, ग्रामदैवत आणि घरातले पूर्वज बसले की देव्हारा भरला. सोनार दर महिन्याला दारात येऊन 'खंडोबाचा नवा, चमकत्या रंगाचा, मर्यादित आवृत्तीतला टाक आला आहे' असे सांगत नाही. काडेपेटीचा छाप काडेपेटी विकण्यासाठी छापलेला असे. मुलांनी जमवावा म्हणून नव्हे. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा मुद्दा विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी आयुष्यभर खेडोपाडी हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, भांडी, दरवाजे अशा सुमारे वीस हजार वस्तू गोळा केल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यातील एकही वस्तू संग्रहासाठी बनविलेली नव्हती. अडकित्ता सुपारी कातरून झिजला होता, दिवा तेलाने काळवंडला होता. केळकरांनी त्या वस्तूंना दिलेले मोल त्यांच्या नजरेतून आणि श्रमातून आले होते.

विनाइलच्या पुतळीच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. ती जन्मतःच 'संग्राह्य' असते. तिचा दुसरा उपयोगच नाही. खेळणे म्हणावे तर जाणकार संग्राहक खोकेसुद्धा उघडत नाही, कारण खोके उघडले की भाव उतरतो. म्हणजे बाहुली आहे पण खेळ नाही, आणि वस्तू आहे पण वापर नाही. मार्क्सने १८६७ मध्ये 'भांडवल' ग्रंथात क्रयवस्तूच्या जडपूजेचे जे विवेचन केले, त्याला इतके शब्दशः उदाहरण एकोणिसाव्या शतकात त्यालाही सापडले नसते.

आता विक्रीच्या पद्धतीकडे वळावे, कारण खरी मेख तेथे आहे. पॉप मार्टच्या पुष्कळ मालिका बंद खोक्यात विकल्या जातात. आत कोणता नमुना आहे ते खोके फोडल्याविना कळत नाही. बारा नमुन्यांची मालिका घेतली आणि प्रत्येकाची शक्यता समान धरली, तर सुटी खोकी घेणाऱ्यास सर्व बारा नमुने मिळेपर्यंत सरासरीने ३७ खोकी घ्यावी लागतात. हे साधे संभाव्यतेचे गणित आहे, पदवीच्या वर्गातला कोणताही विद्यार्थी ते करून दाखवील. अकरा नमुने हाती आल्यावर उरलेल्या एकासाठीच सरासरी बारा खोकी लागतात. एका खोक्यास हजार रुपये धरले तर ही रक्कम ३७ हजार होते, आणि कंत्राटी कामगाराच्या हाती महिन्याकाठी पंधरा हजार पडतात असे हिशेबापुरते मानले तर ती अडीच महिन्यांची कमाई होते. त्यावर 'गुप्त' नमुना निराळाच. लाबुबूच्या काही मालिकांत तो ७२ खोक्यांत एक या प्रमाणात असतो.

येथे कोणी म्हणेल की बारांची अख्खी पेटी एकदम घेतली तर नमुने सहसा दुबार येत नाहीत. बरोबर आहे. पण अख्खी पेटी घेण्याची सोय ज्याच्या हाती बारा हजार रुपये एकरकमी असतात त्याच्यासाठी आहे. पगाराच्या दिवशी एक आणि बोनस मिळाला तर दोन अशा रीतीने घेणाऱ्याला तोच संच तिप्पट किमतीस पडतो. किरकोळीने तेल-मीठ घेणाऱ्या गरिबाला ते महाग पडते हा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे, तथापि वाण्याच्या दुकानात पुडीत मीठ आहे की साखर हे तरी आधी कळत असते.

जत्रेत 'चिठ्ठी उचला, बक्षीस मिळवा' असा पुठ्ठा घेऊन बसणारा माणूस यापेक्षा निराळे काय करतो? तोही हरणाऱ्याच्या हातावर एखादी गोळी किंवा फुगा ठेवतोच. प्रत्येक खोक्यात काहीतरी वस्तू असते, म्हणून हा जुगार नव्हे, हा कंपन्यांचा युक्तिवाद त्या फुग्याइतकाच भरीव आहे. मटक्याच्या अड्ड्यावर १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली धाड पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. बंद खोक्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. खुद्द चीनच्या सरकारने २०२३ मध्ये या विक्रीसाठी मार्गदर्शक नियम काढून आठ वर्षांखालील मुलांना अशी खोकी विकण्यास मनाई केली.

मग किमतीचे पृथक्करण. चार इंचांच्या पुतळीत प्लॅस्टिक किती आणि रंग किती? नगण्य. किमतीचा मोठा वाटा दोन गोष्टींचा असतो. एक, चित्रपटातील पात्राचा चेहरा वापरण्याचा परवाना. दुसरी, मुद्दाम घडवून आणलेली टंचाई. परवान्याचे शुल्क म्हणजे निव्वळ खंड होय. जमिनीचा मालक जसा नांगराला हात न लावता पिकाचा वाटा नेतो, तसा चेहऱ्याचा मालक नेतो, आणि येथील कूळ हजारो मैलांवर दिवसाला शेकडो पुतळ्यांचे डोळे रंगवीत असते. या उद्योगाचा इतिहास रक्ताळलेला आहे. १० मे १९९३ रोजी थायलंडमधील केडर या खेळण्यांच्या कारखान्यास आग लागली आणि १८८ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमधील शेन्झेन येथे झिली कारखान्यात आणखी ८७ जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी बाहेर पडण्याचे दरवाजे बंद होते. पाश्चात्त्य मुलांच्या नाताळासाठी तेथे मऊ मऊ बाहुल्या तयार होत होत्या.

'हा छंद नव्हे, गुंतवणूक आहे,' असे सांगणाऱ्यांचीही आता एक जात निर्माण झाली आहे. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाच्या उंचीचे एक लाबुबू १० लाख ८० हजार युआनला, म्हणजे सव्वा कोट रुपयांहून अधिक किमतीस गेले. ही बातमी सर्वत्र छापून आली. त्याच महिन्यात कंपनीने नवा साठा बाजारात ओतताच चीनमधील फेरविक्रीचे भाव घसरले, ही बातमी तितक्या ठळकपणे आली नाही. हे प्रथमच घडत होते असेही नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात 'बीनी बेबी' नावाच्या कापडी प्राण्यांचे असेच वेड पसरले होते. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणारे एक जोडपे फरशीवर बसून ते प्राणी एकेक करून वाटून घेत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ज्या मालमत्तेसाठी न्यायाधीशासमोर उकिडवे बसावे लागले ती पुढे काही वर्षांत मातीमोल झाली.

फंकोची कथा अधिक बोलकी आहे. २०२२ च्या अखेरीस या कंपनीच्या गोदामांत २४ कोटी ६४ लाख डॉलर किमतीचा माल पडून होता, आदल्या वर्षापेक्षा ४८ टक्के अधिक. साठवणुकीचा आणि हाताळणीचा खर्च परवडेना, तेव्हा मार्च २०२३ मध्ये कंपनीने ३ कोटी ते ३ कोटी ६० लाख डॉलरचा माल नष्ट करीत असल्याचे जाहीर केले. न विकलेल्या पुतळ्या मुलांना वाटल्या असत्या तर टंचाईचा देखावा मोडला असता. १९३० च्या मंदीत ब्राझीलमध्ये भाव सावरण्यासाठी कॉफी जाळली गेली होती. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील त्या उदाहरणाशेजारी हे नवे उदाहरण छापावयास हरकत नाही. कॉफी निदान जळून राख तरी झाली. विनाइल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरिन असते, ते मातीत कुजत नाही आणि पेटविले तर विषारी वायू सोडते. लाबुबूच्या अंगात मेसोपोटेमियातील पाझुझू नावाचे भूत असल्याची अफवा २०२५ मध्ये उठली, आणि काही मंडळींनी अंगणात बाहुल्या जाळून भूत घालविले. भूत होते की नाही हा प्रश्न अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांवर सोपवावा. धूर मात्र खरा होता.

या सर्वांवर सरकारी उत्तर तयार आहे: स्वदेशी खेळणी. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून जगातील खेळण्यांचा व्यापार सात लाख कोटी रुपयांचा असल्याचे सांगून तो वाटा मिळविण्याचे आवाहन केले. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालेच होते. २०२३ मध्ये ते ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या तोंडात जाणारी वस्तू तपासलेली असावी, हे योग्यच आहे. परंतु त्या आदेशातील व्याख्या १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरती आहे, आणि लाबुबूच्या खोक्यावर '१५ वर्षांवरील' असे छापलेले असते. व्याख्येतून निसटण्यास तेवढे पुरे. आणि समजा, उद्या हाच धंदा रांजणगावात आला. त्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या समूहास केंद्राने २०२२ मध्ये मंजुरी दिलीच आहे, खेळण्यांच्या समूहासही देईल. मग शिरूर तालुक्यातील मुली कंत्राटावर पुतळ्यांचे डोळे रंगवतील आणि दौंडची पोरे बंद खोक्यातले मराठी वीर शोधत ३७ खोकी फोडतील. खंड मुंबईचा मालक नेतो की शांघायचा, याने कुळाच्या ताटात फरक पडत नाही. या प्रश्नावर स्वदेशीची टाळी वाजविणाऱ्या समाजवाद्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

मागण्या अवघड नाहीत. बंद खोक्यातील विक्री ही सोडत मानून तिला सोडतीचे नियम लावावेत. अल्पवयीनांना ती करू नये. प्रत्येक नमुन्याची शक्यता आणि संच पूर्ण करण्याचा सरासरी खर्च रुपयांत, खोक्याच्या दर्शनी बाजूस, मराठीत छापावा. '३७ हजार रुपये' असे ठळक अक्षरांत वाचल्यावर ज्याला घ्यावयाचे आहे त्याने खुशाल घ्यावे. प्रौढ माणसाच्या कट्ट्यावर काय असावे हे पक्षाने ठरविण्याचे कारण नाही.

राहिली हौस, आणि ती कायद्याने भागत नाही. शिरूर तालुक्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेली खेड्यातील मुले तेथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी करीत शिकली. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या साह्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. जगातील पहिल्या काही फॅब लॅबपैकी ती एक होय. त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर हव्या त्या चेहऱ्याची पुतळी काही तासांत निघते, आणि ती स्वतः आखणाऱ्या मुलाला किमतीत माल किती व खंड किती हे व्याख्यानाविना समजते. पाबळपासून कारेगाव फार दूर नाही. तरीही कारेगावातील खोल्यांत राहणाऱ्या किती कामगारांनी, किती कार्यकर्त्यांनी, तो आश्रम पाहिला आहे?

त्या खोल्यांपुढे अंगण नसते, म्हणून कामगारांच्या मुलांना दिवाळीत किल्ला करण्यास जागा नसते. शिरूर व दौंड येथील शाखांनी ग्रामपंचायतीकडे आणि औद्योगिक महामंडळाकडे मोकळ्या भूखंडाचा एक कोपरा पंधरा दिवसांसाठी मागून घ्यावा. कुंभाराला बोलावून साचे मुलांच्याच हाती द्यावेत. मावळ्याचे डोके धडाहून मोठे झाले तरी बिघडत नाही. दगड, गोणपाट, लाल माती आणि मूठभर मोहरी एवढेच सामान लागते. मोहरी आठ दिवस आधी पेरावी, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत तटावर हिरवळ येते.